घर की कुऱ्हाड? सिल्हेटचं सार्वमत, जुलै १९४७

पोस्टिंगचं पत्र आलं की आमच्या घरी आधी नकाशा उघडतो. सिलचरचं पत्र आलं तेव्हा आईनं चष्मा लावून आसाम शोधला, मग खालच्या बाजूला सरकत सरकत बराक नदीचं खोरं शोधलं आणि म्हणाली, "अरे, हे तर बांगलादेशातच गेलंय की!" मी हसलो होतो. तिथं दोन वर्षं काढल्यावर लक्षात आलं की आई फारशी चुकली नव्हती. त्या भागातलं थोडंसं इकडं राहिलं आणि बाकीचं खरंच तिकडं गेलं. ते कसं गेलं, त्याची ही गोष्ट.

सिलचरहून पश्चिमेला निघालं की बदरपूर लागतं आणि पुढे करीमगंज. (२०२४ पासून या जिल्ह्याचं नाव श्रीभूमी झालं आहे. मी होतो तेव्हा करीमगंजच होतं, म्हणून इथं तेच लिहितो.) शहराच्या कडेनं कुशियारा नदी वाहते. पलीकडचा काठ बांगलादेशचा, गाव जकीगंज. पलीकडच्या घाटावर धुणं आपटल्याचा आवाजही ऐकू येतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा बीएसएफच्या जवानानं दुर्बीण पुढे केली. मी नको म्हटलं. दुर्बिणीची गरजच नव्हती.

तिथं माजी सैनिकांचा मेळावा होता. पेन्शन, ईसीएचएस कार्ड, कॅन्टीन अशा नेहमीच्या तक्रारी ऐकून झाल्या. शेवटी आसाम रेजिमेंटचे एक निवृत्त सुभेदारसाहेब थांबले. पंचाहत्तरीच्या आसपासचे, पाठ ताठ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली फाईल. ते २०१८ साल होतं, एनआरसीचा मसुदा नुकताच आला होता आणि त्या भागातला जवळजवळ प्रत्येक माणूस अशी फाईल घेऊन फिरत होता. त्यांचं स्वतःचं नाव यादीत होतं. सुनेचं नव्हतं. वडिलांचा उल्लेख असलेले जुने कागद त्यांनी एकेक करून दाखवले आणि मग म्हणाले, "साहेब, माझ्या वडिलांनी ४७ साली कुऱ्हाडीला मत दिलं होतं. तरी आम्ही हिंदुस्थानात राहिलो. आणि हे बघा, ह्यांच्या वडिलांनी घराला मत दिलं, तर ह्यांचं घर गेलं."

शेजारी त्यांचे मित्र उभे होते, निवृत्त शाळामास्तर, मूळचे मौलवीबाजारचे. दोघंही हसले. मला काहीच कळलं नव्हतं. त्या रात्री मेसमध्ये परतल्यावर वाचायला सुरुवात केली.

सिल्हेट मुळात कुणाचं?

सिल्हेट जिल्हा बंगाली भाषेचा. इंग्रजांनी १८७४ मध्ये आसाम हा वेगळा प्रांत केला तेव्हा त्याचं उत्पन्न खर्चाला पुरेना, म्हणून भरपूर महसूल देणारं सिल्हेट बंगालमधून काढून त्याला जोडलं. १९०५ च्या फाळणीत पूर्व बंगाल आणि आसाम एकत्र आले तेव्हा सिल्हेट पुन्हा बंगाली मुलखाबरोबर आलं. १९१२ मध्ये ती फाळणी रद्द झाली आणि सिल्हेट परत आसामात गेलं. चाळीस वर्षांत तीन वेळा घर बदललं आणि एकदाही तिथल्या माणसांना कुणी विचारलं नाही.

यातली गंमत पुढे आहे. १९२० च्या दशकात "आम्हाला बंगालमध्ये परत पाठवा" ही मागणी प्रामुख्यानं सिल्हेटच्या सुशिक्षित हिंदूंची होती. त्यासाठी त्यांनी संघटना काढली, ठराव केले. आसामात राहण्याकडे कल होता तो अनेक मुस्लिम पुढाऱ्यांचा. १९४७ उजाडेपर्यंत दोघांनी जागा बदलल्या होत्या. कारण आता बंगालमध्ये जाणं म्हणजे पूर्व बंगालमध्ये जाणं, म्हणजेच पाकिस्तानात जाणं होतं.

आणखी एक पक्ष होता, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या असमिया नेतृत्वाला सिल्हेट नकोसंच झालं होतं. सिल्हेट गेलं की प्रांतात असमिया भाषकांचं पारडं जड होणार होतं. मुख्यमंत्री गोपीनाथ बारदोलोई यांनी आसामला मुस्लिम लीगच्या गटात ढकलण्याचा डाव मोठ्या हिमतीनं परतवला, त्याबद्दल देशानं त्यांचे आभारच मानायला हवेत. पण सिल्हेट राखण्यासाठी त्यांच्या सरकारनं जीव ओतला नाही, ही सल बराक खोऱ्यातल्या जुन्या माणसांत मला आजही दिसली.

दोन दिवस, दोन पेट्या

३ जून १९४७ च्या माउंटबॅटन योजनेत सिल्हेटसाठी स्वतंत्र कलम होतं. बंगालची फाळणी ठरली तर सिल्हेटनं सार्वमतानं ठरवायचं: आसामात राहायचं की पूर्व बंगालमध्ये सामील व्हायचं. कागदावर प्रश्न दोन प्रांतांचा होता. प्रत्यक्षात तो दोन देशांचा होता, फक्त ते देश अजून जन्माला यायचे होते. सार्वमताच्या तारखा ठरल्या ६ आणि ७ जुलै.

आपल्याकडच्या वाचकांना गोव्याचा जनमत कौल आठवत असेल. जानेवारी १९६७, महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. सिल्हेटमध्ये अशीच दोन चिन्हं होती. आसामात राहायचं तर घर, पूर्व बंगालमध्ये जायचं तर कुऱ्हाड. गोव्याचा निकाल काहीही लागला असता तरी माणसं एकाच देशात राहणार होती. सिल्हेटमध्ये तसं नव्हतं.

जुलैमधलं सिल्हेट ज्यानं पाहिलं नाही त्याला हे मतदान काय होतं ते कळणार नाही. पावसाळ्यात तिथले हाओर, म्हणजे बशीसारखे सखल प्रदेश, समुद्रासारखे भरतात. गावं बेटं होतात. शेजारच्या पाड्यावर जायचं तरी होडी लागते. तयारीला वेळ मिळाला जेमतेम एक महिना. अशा मुलखात मतपेट्या पोहोचवायच्या, अधिकारी पोहोचवायचे आणि शांतता राखायची.

प्रचार जोरात होता. मुस्लिम लीगचे स्वयंसेवक बंगालमधून मोठ्या संख्येनं आले. त्यांत कलकत्त्याहून आलेला सत्तावीस वर्षांचा एक तरुण कार्यकर्ता होता. कुऱ्हाडीसाठी तो गावोगाव फिरला. त्याचं नाव शेख मुजीबुर रहमान. विरुद्ध बाजूला होते देवबंदचे मौलाना हुसेन अहमद मदनी यांचे अनुयायी. मौलानांचा सिल्हेटशी जुना संबंध होता, आणि देश एक राहावा असं मानणारे मुसलमान तिथं कमी नव्हते. "सगळे मुसलमान कुऱ्हाडीकडे, सगळे हिंदू घराकडे" असं चित्र रंगवणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही.

बंदोबस्तावरचे जवान

बंदोबस्तासाठी जी सैन्यतुकडी उभी केली तिचं नाव होतं सिलफोर्स. तिची कमान होती पहिल्या आसाम बटालियनचे लेफ्टनंट कर्नल मोहिंदर सिंग चोपडा यांच्याकडे. म्हणजे माझ्या सुभेदारसाहेबांच्याच रेजिमेंटकडे.

अशा कामाचा थोडा अनुभव मलाही आहे. ईशान्येत आणि काश्मीरमध्ये निवडणुकीच्या काळात फ्लॅग मार्च काढले आहेत. तेव्हा सैन्यानं फक्त दिसायचं असतं. लोकांनी आपल्याकडे पाहून निर्धास्त व्हावं, पण आपल्याकडे पाहून मत बदलू नये. बोलायला सोपं, करायला अवघड.

सिलफोर्सच्या जवानांची अडचण तर आणखी मोठी होती. त्याच आठवड्यांत सैन्याचीही वाटणी चालली होती. पलटणी, तोफा, वाहनं, इतकंच काय मेसमधल्या चांदीच्या वस्तूसुद्धा. कित्येक जवानांना स्वतःच लिहून द्यायचं होतं की भारताच्या सैन्यात राहणार की पाकिस्तानच्या. म्हणजे पेटीजवळ बंदूक घेऊन उभा असलेला माणूसही त्या मतदारासारखाच अर्धा इकडं, अर्धा तिकडं होता. तरीही मतदान पार पडलं. पंजाबात पुढच्या दोन महिन्यांत जे घडलं त्याच्या तुलनेत सिल्हेट खूपच शांत राहिलं.

चोपडासाहेबांची गोष्ट इथं संपत नाही. ते ब्रिगेडियर होऊन अमृतसरला गेले आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये ग्रँड ट्रंक रोडवर पाकिस्तानच्या ब्रिगेडियर नाझीर अहमद यांना भेटून दोघांनी तात्पुरती चौकी आखली. आज आपण वाघा-अटारीला जाऊन टाळ्या वाजवतो ती हीच जागा. एकाच वर्षात एका अधिकाऱ्यानं पूर्वेला मतपेट्यांवर पहारा दिला आणि पश्चिमेला सीमेची पहिली रेघ ओढली.

आकडे नीट वाचा

निकाल असा लागला. पूर्व बंगालच्या बाजूनं २,३९,६१९ मतं, आसामच्या बाजूनं १,८४,०४१. फरक ५५,५७८. एकूण मतदार ५,४६,८१५ होते आणि मतदान झालं सुमारे साडेसत्त्याहत्तर टक्के. महापुराच्या दिवसांत हे मतदान थक्क करणारं आहे.

आता वादाकडे येऊ. तीन मुद्दे आजही काढले जातात.

पहिला, मत कुणाला होतं? १९३५ च्या कायद्यानुसार मताधिकार शिक्षण, कर आणि मालमत्तेवर ठरत होता. जिल्ह्याची लोकसंख्या १९४१ मध्ये सुमारे ३१ लाख होती. म्हणजे सहा माणसांमागे जेमतेम एकाला मत होतं. उरलेल्या पाचांचं घर कुठल्या देशात जाणार ते त्या एकानं ठरवलं.

दुसरा मुद्दा चहामळ्यांचा. सिल्हेटच्या मळ्यांत लाखाच्या वर मजूर वस्ती होती. छोटा नागपूर, ओडिशा, मध्य प्रांत अशा ठिकाणांहून पिढ्यान्‌पिढ्या आलेली. विधानसभेत त्यांच्यासाठी वेगळा मजूर मतदारसंघ होता, पण सार्वमतात त्यांना मत दिलं नाही. कारण सांगितलं गेलं की हे लोक कायमचे रहिवासी नव्हेत. ज्यांचे आजोबा त्या मळ्यात पुरले गेले ते कायमचे नव्हेत! हे मजूर बहुतेक घराच्या बाजूनं गेले असते. त्यांच्यातल्या नोंदलेल्या मतदारांनी निकाल उलटला असता असं मात्र मी म्हणणार नाही. मजूर मतदारसंघाची यादीही छोटीच होती. अन्याय झाला हे खरं, निकाल त्यामुळेच फिरला हे सिद्ध होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

तिसरा मुद्दा दहशतीचा. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांनी मतदारांना अडवलं, धमकावलं अशा तक्रारी काँग्रेसकडून थेट दिल्लीपर्यंत गेल्या. प्रशासनाचं उत्तर होतं की फरक इतका मोठा आहे की अशा घटनांनी तो बदलत नाही. माझं मत विचाराल तर धमक्या झाल्या असणार, पण आकडे वेगळंच सांगतात. मतदारयादीत मुस्लिम मतदार होते ५७ टक्के. कुऱ्हाडीला मिळालेली मतं साडेछप्पन टक्के. मौलाना मदनींचे अनुयायी धरूनही जवळजवळ धर्माच्या हिशेबानंच मोजणी झाली. दहशत नसती तर फरक कमी झाला असता, दिशा बदलली असती असं वाटत नाही.

पण खरी गोष्ट जिल्ह्याच्या आकड्यांत नाही, उपविभागांच्या आकड्यांत आहे. सिल्हेटचे पाच उपविभाग होते. त्यातल्या दोघांचे आकडे मी वहीत वेगळे लिहून ठेवले आहेत.

दक्षिण सिल्हेट, म्हणजे मौलवीबाजार: घर ३३,४७१, कुऱ्हाड ३१,७१८. घर १,७५३ मतांनी पुढे.

करीमगंज: कुऱ्हाड ४१,२६२, घर ४०,५३६. कुऱ्हाड ७२६ मतांनी पुढे.

मौलवीबाजारनं भारतात राहायचं म्हटलं आणि तो गेला पाकिस्तानात, कारण मोजणीचा घटक जिल्हा होता. शिवाय जिथं मतं नाकारली ते चहामळे याच भागात दाट होते. करीमगंजनं पाकिस्तानात जायचं म्हटलं आणि त्याचा मोठा भाग राहिला भारतात. कारण सार्वमतानंतर आली रॅडक्लिफची पेन्सिल. रॅडक्लिफनं लिहिलं की नीट चालेल अशी विभागणी करायची तर काही प्रदेशांची देवाणघेवाण करावीच लागेल. त्यानं पाथारकांदी, राताबारी, बदरपूर ही ठाणी आणि करीमगंज ठाण्याचा काही भाग भारतात ठेवला. बंगालातली माणसं याला "साडेतीन ठाणी" म्हणतात.

सैनिकाच्या नजरेनं नकाशा पाहिला की ही साडेतीन ठाणी काय आहेत ते लगेच कळतं. त्रिपुराला उरलेल्या भारताशी जोडणारा रस्ता आणि रेल्वे इथूनच जाते. हा तुकडा गेला असता तर आगरतळ्याला आपण पोहोचलो असतो कुठून? आमच्या गाड्यांचे ताफे त्या रस्त्यानं जायचे तेव्हा मला ते ७२६ मतांचं आधिक्य आठवायचं. देशाच्या दृष्टीनं निर्णय योग्यच होता. पण तो मतानं झाला नव्हता, हेही तितकंच खरं.

आता सुभेदारसाहेबांचं वाक्य मला कळलं. त्यांच्या वडिलांचा पक्ष त्यांच्या उपविभागात जिंकला आणि ते भारतात राहिले. मास्तरांच्या वडिलांचा पक्ष त्यांच्या उपविभागात जिंकला आणि १९५० मध्ये ते कुटुंब एका पेटीनिशी कुशियारा ओलांडून आलं.

चोवीस वर्षांनी

मताचा निर्णय किती काळ टिकतो? सिल्हेटमध्ये तो चोवीस वर्षं टिकला.

कुऱ्हाडीसाठी फिरलेल्या मुजीबुर रहमान यांनीच पाकिस्तानच्या बंगाल्यांना पाकिस्तानपासून वेगळं व्हायला उभं केलं. मुक्तिबाहिनीचे सरसेनापती झाले कर्नल उस्मानी. ते सिल्हेटचेच, सुनामगंजला जन्मलेले, डेहराडूनच्या आयएमएतून १९४० मध्ये बाहेर पडलेले. ज्या देशासाठी सिल्हेटनं मत दिलं त्याच देशाविरुद्ध सिल्हेटची पोरं हत्यार घेऊन उभी राहिली.

आणि इथं आपल्या मराठी माणसाचा संबंध येतो. नोव्हेंबर १९७१ मध्ये पाचव्या गोरखा रायफल्सची चौथी बटालियन करीमगंजसमोरून सीमा ओलांडून जकीगंज भागातल्या अटग्रामवर तुटून पडली. २०-२१ नोव्हेंबरची रात्र, हातात खुकऱ्या. कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर. त्याच बटालियनला ७ डिसेंबरला हेलिकॉप्टरनं थेट सिल्हेट शहराजवळ उतरवण्यात आलं. भारतीय सैन्याची ती पहिली मोठी हेलिकॉप्टरवाहू कारवाई. मूठभर गोरखे जड तोफांशिवाय नऊ दिवस टिकले. मेजर इयान कार्डोझो यांनी सुरुंगानं चिरडलेला पाय तिथंच खुकरीनं कापला. शेवटी सिल्हेटमधल्या सहा हजारांहून अधिक पाकिस्तानी सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली. हरोलीकरसाहेबांना महावीरचक्र मिळालं. खडकवासल्याला असताना ही लढाई आम्ही अभ्यासली होती, पण त्या जागेवर आधी मतपेट्या होत्या हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

बटालियन जिंकली, पण आपण सिल्हेट परत घेतलं नाही. आपले जवान आले, लढले आणि काही महिन्यांत परत गेले. मला याचा फार अभिमान वाटतो. १९४७ मध्ये सिल्हेटला विचारलं आणि त्यानं उत्तर दिलं. ते उत्तर आपल्याला आवडलं नाही. पण चोवीस वर्षांनी हातात बंदूक असतानाही आपण ते उत्तर आपल्या सोयीनं पुसलं नाही.

शेवटचा चहा

बदली व्हायच्या आधी मी पुन्हा करीमगंजला गेलो. सुभेदारसाहेब आणि मास्तर घाटाजवळच्या टपरीवर भेटले. मी वहीतले ते दोन आकडे त्यांना दाखवले. दोघांनी कितीतरी वेळ पाहिले. मास्तरांना आपल्या उपविभागात घर जिंकलं होतं हे माहीतच नव्हतं. त्यांचे वडील अखेरपर्यंत म्हणत असत, "आपलीच माणसं कमी पडली." मास्तर म्हणाले, "म्हणजे कमी पडली नव्हती तर."

सुनेच्या नावाचं काय झालं, असं मी सुभेदारसाहेबांना विचारलं. "सुनावणी आहे," ते म्हणाले. "कागद आहेत, साहेब. कागद आमच्याकडे नेहमीच असतात." मग त्यांनी माझ्या वहीतलं ते पान मागितलं. मी फाडून दिलं. त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि प्लास्टिकच्या पिशवीत, बाकीच्या कागदांच्या खाली ठेवलं.

त्या पानाचा सुनावणीत काही उपयोग नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

जय हिंद.